गुराब सगळ्यांना माहीत, शिबाडाचं काय?

मराठा आरमाराचा विषय निघाला की दोन मिनिटांत गुराब, गलबत ही लढाऊ जहाजं, कान्होजी आंग्रे, तोफा सगळं येतं, आणि यायलाच पाहिजे. पण सभासद बखरीत, म्हणजे शिवाजी महाराजांच्या जुन्या चरित्रात, जहाजांची जी नावं येतात ना, त्यात गुराबा, तरांडी, गलबतं यांच्याच रांगेत शिबाडंही आहेत, आणि शिबाड म्हणजे मुळात माल वाहणारं, रुंद पोटाचं जहाज. तांदूळ, मीठ, लाकूड, नारळ, काथ्या असलं काय काय घेऊन ही शिडाची जहाजं किनाऱ्या-किनाऱ्यानं वर-खाली करायची. लढाईत पुढे नाहीत, म्हणून गोष्टीतही नाहीत, सरळ हिशोब.

या जहाजांवर रिसर्च करायला बसलं की पहिली पंचाईत ही की ड्रॉइंगच नसतं. मिस्त्री नजरेनं आणि दोरीनं मापं धरून जहाज उभं करायचा, माप त्याच्या डोक्यात, आणि ते डोक्यातून मुलाच्या नाहीतर पुतण्याच्या हातात. फळीला फळी नुसती टेकवायची नाही, कडांना खाच पाडून एक दुसरीत बसवायची, मधे तेलात आणि चंद्रुसात, म्हणजे झाडाच्या राळेत, भिजवलेला कापूस दाबायचा. बुडाला चुना आणि चरबी खलून जाड लेप, कारण समुद्रातला किडा लाकूड आतून पोखरून टाकतो. एवढी निगा राखूनही म्हातारं झालेलं जहाज शेवटी मोडायचेच, खिळे काढून घ्यायचे आणि लाकूड कुठेतरी कामाला लागायचं. मग बघायला उरणार काय?

म्हणून जहाज नाही मिळालं तर जकात शोधायची. 1671 चं शिवाजी महाराजांचं पत्र प्रसिद्ध आहे, कुडाळच्या सरसुभेदाराला लिहिलेलं. पोर्तुगीजांच्या गोव्यातल्या बारदेशचं मीठ स्वस्त पडतं म्हणून व्यापारी तिकडे वळतायत, तेव्हा त्या मिठावर अशी जकात बसवा की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडेल. लोक हे पत्र महाराजांचं आर्थिक धोरण म्हणून शेअर करतात, बरोबरच आहे, पण जहाजांच्या अंगानं वाचलं तर कळतं की बंदरात चार पैशांचा फरक पडला की मालवाली जहाजं लगेच दुसऱ्या बंदराकडे तोंड फिरवायची. पोर्तुगीजांचे कार्ताझ म्हणजे समुद्रात फिरायचे परवाने, ते तर संशोधकाला घबाडच. जहाज कुणाचं, नाखवा म्हणजे कप्तान कोण, कुठून कुठे, हत्यारं किती, काय न्यायला बंदी, सगळं त्यात. परवाना जाचक होता यात वादच नाही, पण कागद मागं राहिला.

आकाराचा मात्र घोळ होतो. जुन्या मराठी कागदात जहाज अमुक खंडीचं असं लिहितात. खंडी म्हणजे 20 मण, ठीक, पण मण गावोगाव वेगळा आणि मालामालाप्रमाणेही वेगळा, त्यामुळे ‘300 खंडीचं शिबाड’ वाचून कुणी थेट टनात आकडा सांगायला लागलं की माझा तरी विश्वास बसत नाही.

मापं घेऊन काढलेली चित्रं मिळतात ती बाहेरच्या लोकांकडून. सिलोनमधल्या त्रिंकोमालीच्या ब्रिटिश गोदीत काम करणाऱ्या जॉन एडाय यांनी 1834 मध्ये कोरोमंडल, मलबार आणि सिलोनच्या देशी जहाजांवर लेख छापला. फ्रेंच नौदलातले एडमंड पारी तर तीनदा जगप्रवासाला गेले आणि जिथे जहाज नांगरलं तिथल्या होड्या-जहाजांची मापं घेत सुटले, 1840 च्या दशकात त्याचा मोठा चित्रसंग्रह निघाला, त्यात मुंबईकडची फत्तेमारी हे शिडाचं मालवाहू जहाजही आहे. नंतर पॅरिसच्या नौदल संग्रहालयाचं काम हाती आल्यावर त्यांनी आपल्या ड्रॉइंगवरून मॉडेलंसुद्धा करून घेतली. फत्तेमारीला पट्टमारही म्हणतात, आणि गंमत म्हणजे हा शब्द आधी पायी धावणाऱ्या जासूदासाठी होता, मग डाक नेणाऱ्या वेगवान जहाजाला लागला, आणि शेवटी नारळ-कौलं भरलेल्या फत्तेमारीलाही तेच नाव.

फत्तेमारीची डोलकाठी पुढे झुकलेली असते, ती का? शीड ज्या लांबलचक वाशाला बांधलेलं असतं तो डोलकाठीला तिरका टांगलेला असतो, आणि शिडाची बाजू बदलायची तर तो अख्खा वासा डोलकाठीच्या पुढून फिरवून पलीकडे न्यायला लागतो. काठी पुढे कललेली असली की वासा तिच्यापासून सुटा लोंबतो, फिरवायला जागा मिळते. तरीही जोराच्या वाऱ्यात हे काम जीवावरचं, म्हणून तांडेल, म्हणजे जहाज चालवणारा म्होरक्या, शक्यतो वाऱ्याकडे पाठ करून मोठी फेरी घ्यायचा. कोकणात रात्री-पहाटेचे मतलई वारे आणि दुपारचे खारे वारे यांच्यावरच सगळं टायमिंग, नारळी पौर्णिमेनंतर समुद्र उघडायचा आणि पावसाळ्याआधी जहाजं किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवायची.

विसाव्या शतकात मद्रासच्या मत्स्य खात्याचे जेम्स हॉर्नेल यांनी 1920 मध्ये भारतीय होड्यांच्या रचनेवर मोठा निबंध लिहिला. आपल्याकडे मुंबई विद्यापीठातले भूगोलाचे प्राध्यापक बी. अरुणाचलम यांनी नुसती जहाजं नाही तर ती चालवणाऱ्यांचं ज्ञान धरलं, कच्छच्या मालमांच्या म्हणजे वाट दाखवणाऱ्या खलाशांच्या पोथ्या, लक्षद्वीपच्या रहमानी म्हणजे तशाच वह्या, ज्यात तारे, दिशा आणि किनाऱ्याच्या खुणा लिहिलेल्या असतात. माझ्या मते हेच जास्त अवघड काम. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी 1978 मध्ये मुंबईत मेरीटाइम हिस्टरी सोसायटी काढली, त्यामुळे अशा अभ्यासाला हक्काची जागा झाली.

तोवर शिडं उतरायला लागली होती. 1865 मध्ये बासल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेनं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि ती कौलं कोकणातल्या घरांवर चढली ती जहाजानंच आली, कोकण रेल्वे पूर्ण व्हायला 1998 उजाडलं. पण आधी आगबोटी, मग ट्रक, आणि स्वातंत्र्यानंतर त्याच लाकडी जहाजांत डिझेल इंजिनं बसायला लागली. कच्छमधल्या मांडवीला नि केरळातल्या बेपूरला मोठी लाकडी जहाजं अजून बांधतात. सरकारी कागदावर त्यांचं नाव यांत्रिक शिडाचं जहाज, आणि डोलकाठी असलीच तर तिचा उपयोग बहुतेक पोती उचलायला.