दुरून स्फोटकशोध (कंपन वर्णपट पद्धत)

संशयित वस्तूला हात न लावता, तिच्याजवळ माणूस किंवा श्वान न नेता, केवळ प्रकाश टाकून तिच्यातले स्फोटक ओळखण्याची पद्धत. रेणूतले अणुबंध ठरावीक वारंवारतेने कंप पावतात. ही कंपने रामन प्रकीर्णनातून किंवा अवरक्त प्रकाशाच्या शोषणातून टिपली की पदार्थ कोणता ते कळते. विदर्भात या विषयाचे मोल गडचिरोलीला विचारावे. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक असे १६ जण ठार झाले.

लेसरचा प्रकाश पदार्थावर पडला की विखुरलेला बहुतेक प्रकाश त्याच रंगाचा राहतो. सुमारे कोटीतला एखादा फोटॉन रेणूच्या कंपनामुळे रंग बदलून येतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हा परिणाम २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात दाखवला. (त्याआधी, १९१० च्या सुमारास, ते अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते.) रंग किती बदलला ते तरंगांकात, म्हणजे एका सेंटिमीटरमधल्या लाटांच्या संख्येत, मोजतात आणि तो बदल वर्णपटात रेषा म्हणून दिसतो. स्फोटकांत वापरल्या जाणाऱ्या अमोनियम नायट्रेटची ठळक रेषा १०४३ प्रति सेंटिमीटर या तरंगांकाजवळ दिसते, आरडीएक्सची ८८५ जवळ, टीएनटीची १३६० च्या आसपास.

अंतर दुप्पट झाले की हाती येणारा प्रकाश चौपट घटतो, म्हणून दुर्बीण लागते. दिवसाच्या उजेडावर उपाय म्हणजे स्पंदी लेसर, म्हणजे अतिशय छोट्या झोतांत प्रकाश सोडणारा लेसर: ३० मीटरवर जाऊन परत यायला प्रकाशाला २०० नॅनोसेकंद लागतात, तेवढा वेळ थांबून, प्रकाश परत येतो त्या क्षणापुरताच कॅमेरा उघडायचा. स्वीडनच्या संरक्षण संशोधन संस्थेने उघड्यावर ५५ मीटरवरून अशी ओळख पटवली आहे. पुण्याची उच्च ऊर्जा पदार्थ संशोधन प्रयोगशाळा आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांचे 'रेडर-एक्स' हे उपकरण २०१९ मध्ये पुढे आले. त्याचा पल्ला दोन मीटरपर्यंतचा. काम मोलाचे आहे, पण स्फोट झाला तर दोन मीटरवरचा माणूस वाचत नाही.

जमिनीत पुरलेला सुरुंग या पद्धतीने दिसत नाही. माती, डांबर, पत्र्याचा डबा यांतून हा प्रकाश पार होत नाही. रस्त्याखालच्या सुरुंगासाठी पायी चालणारे रस्ता तपासणी पथक, श्वान आणि सुरुंगशोधक यंत्र यांना आजही पर्याय नाही. ही पद्धत उपयोगी पडते ती उघड्यावरच्या पिशवीसाठी, गाडीच्या दाराच्या मुठीसाठी, बॉम्ब बांधणाऱ्याच्या बोटांनी मागे ठेवलेल्या कणांसाठी.

इथल्या शेतीत मात्र नायट्रेट घरोघरी असते. पऱ्हाटीवर (कपाशीवर) फवारायचे खत १३:००:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. त्याची रेषा १०५० जवळ, अमोनियम नायट्रेटपासून अवघ्या सातेक अंकांवर. फवारणी करून आलेल्या शेतकऱ्याच्या मोटारसायकलच्या हँडलवर तेच कण असणार. जवळजवळच्या रेषा वेगळ्या ओळखण्याची क्षमता कमी असलेले यंत्र त्याला संशयित ठरवील. म्हणून इथे यंत्र आणण्यापूर्वी त्याच्या संदर्भसंचात खतांचे वर्णपट भरणे ही पहिली अट असायला हवी. काळी माती आणखी अडचण करते: ती लेसर शोषून तापते आणि तिच्यातल्या सेंद्रिय द्रव्याची प्रतिदीप्ती (लेसर शोषून त्याने स्वतः सोडलेला प्रकाश) रामन रेषांना झाकून टाकते. २५० नॅनोमीटरखालचा अतिनील लेसर वापरला तर रामन रेषा प्रतिदीप्तीपासून वेगळ्या पडतात.

हिरवा ५३२ नॅनोमीटरचा स्पंदी लेसर डोळ्याचा पडदा जाळू शकतो. आठवडी बाजारात तो वापरता येणार नाही. गर्दीसाठी सात ते दहा मायक्रोमीटरचे अवरक्त क्वांटम कॅस्केड लेसर बरे, कारण तो प्रकाश पडद्यापर्यंत पोहोचत नाही. क्वांटम कॅस्केड लेसर पहिल्यांदा १९९४ मध्ये प्रयोगशाळेत चालवून दाखवला गेला.