पायरेट मेटल म्हणजे शँटी नव्हे

डबल बास ड्रम, गिटारचं डिस्टॉर्शन, मॉश पिट तुम्हाला ठाऊकच आहे, तेव्हा मेटल संगीत समजावत बसत नाही. पण पायरेट मेटलमध्ये, म्हणजे समुद्री चाच्यांवरच्या मेटलमध्ये, अकॉर्डियन वाजलं आणि रमचं नाव निघालं की त्या गाण्याला 'शँटी मेटल' म्हणायची जी सवय लागली आहे, ती मला सहन होत नाही. शँटी म्हणजे जहाजावरच्या खलाशांचं गाणं.

हॅम्बुर्गच्या रनिंग वाइल्डने १९८७ मध्ये 'अंडर जॉली रॉजर' काढला, स्कॉटलंडच्या एलस्टॉर्मचा पहिला अल्बम २००८ मध्ये आला. दोन्ही बँड दणदणीत आहेत. पण तिथे समुद्र आहे तो शब्दांत. गाण्याची बांधणी मेटलचीच. शिवाय चाच्यांचा बहराचा काळ १७३० च्या सुमारास संपला, आणि शँटी फोफावली ती एकोणिसाव्या शतकातल्या व्यापारी जहाजांवर.

शँटी हे कामाचं गाणं. शँटीमन एकटा एक ओळ म्हणतो, तेवढ्यात बाकीचे खलाशी दम घेतात, दोरावरची पकड बदलतात. मग सगळे मिळून जबाब देतात आणि त्यातल्या ठरलेल्या शब्दावर दोर ओढतात. 'जोर लगाके' म्हटल्यावर 'हैशा'ला सगळ्यांचा झटका एकदम बसतो ना, तसंच. शीड चढवायच्या 'ब्लो द मॅन डाउन'मध्ये जबाबाच्या एका ओळीत दोन ओढी असतात. 'हॉल ऑन द बोलिन'मध्ये एकच, अगदी शेवटच्या 'हॉल'वर. दोन ओढींमधली ती मोकळी जागा म्हणजे शँटीचा प्राण आहे.

मेटलवाले नेमकी तीच बुजवतात. डबल बास अखंड धडधडत ठेवला की ओढ कुठे आणि उसंत कुठे, काही कळत नाही. माझं ठाम मत: शँटीमनच्या ओळीखाली गिटार जवळपास गप्प हवी, ड्रम हाफ-टाइममध्ये, म्हणजे निम्म्या वेगाच्या भासणाऱ्या तालात हवेत, आणि रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा, कोसळावा तो ओढीवरच. पंक रॉकला हे सोपं जातं, कारण एकट्याने ओळ फेकायची आणि टोळक्याने ओरडून उत्तर द्यायचं ही त्याची मूळचीच रीत. 'ड्रंकन सेलर' मात्र कितीही पळवा. दोर धरून डेकवर दणादण चालत जाताना सगळे ते एकत्र गात, त्यामुळे तिथे उसंतीचा प्रश्नच नाही.

२०२१ मध्ये गाजलेलं 'वेलरमन' हे व्हेलशिकारीचं कथागीत, ओढीचं गाणं नव्हे. आणि अकॉर्डियनवाचून काही अडत नाही. जहाजावर बहुतेकदा नुसते गळेच असत.