वास गेला म्हणजे गॅस गेला, असं नसतं

ईटीपीच्या, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, टाकीच्या तोंडाशी, तोंडाला ओला रुमाल बांधून एक पोरगा उभा होता. ठेकेदाराचा माणूस, वय असेल वीस-बावीस. मला म्हणाला, "साहेब, मघाशी लई वास मारत होता, आता गेला बघा, उतरू का?" मी तेव्हा एका केमिकल कंपनीत सेफ्टीला होतो. गॅस मोजायच्या मीटरची नळी वरच सोडली तर सगळं नॉर्मल, ऑक्सिजन २०.८ टक्के. मग बांबूने तळाचा गाळ जरा ढवळला आणि नळी खाली नेली तर मीटर जे बोंबलायला लागलं ते थांबेचना, हायड्रोजन सल्फाइड १४० पीपीएम.

पीपीएम म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे किती भाग. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या गॅससाठी १०० पीपीएम हाच जिवाला तात्काळ धोका मानला जाणारा आकडा आहे. सडक्या अंड्यासारखा याचा वास एक पीपीएमच्याही खाली असताना येतो, म्हणून लोकांना वाटतं नाक आहे की सांगायला. पण १०० च्या आसपास गेलं की काही मिनिटांत वास घेणारी नसच बधिर होते, आणि कमी प्रमाणातसुद्धा नाकाला सवय होऊन वास जाणवेनासा होतो. म्हणजे गॅस असतो तिथेच, आपल्याला कळणं फक्त बंद होतं.

हा गॅस येतो कुठून, तर गाळातून. टाकीत, गटारात, सेप्टिक टँकमध्ये हवा न लागता सडणाऱ्या गाळात जे जंतू असतात ते सल्फेटपासून हा गॅस बनवतात आणि तो गाळाच्या थरात अडकून पडतो. हवेपेक्षा थोडा जड, त्यामुळे तळाशी साठतो. माणूस उतरला, पहिलं फावडं मारलं की एकदम बाहेर येतो. ७०० पीपीएमच्या वर गेला तर एक-दोन श्वासात माणूस कोसळतो, कारण पेशीत ऑक्सिजन वापरणारं जे एन्झाइम आहे त्यालाच हा जाऊन धरतो, सायनाइड धरतं तसंच, मग रक्तात ऑक्सिजन असूनही पेशीला वापरता येत नाही.

आणि गॅस नसला तरी टाकी सेफ नसते बरं का. बंद लोखंडी टाकीला आतून गंज चढतो तो ऑक्सिजन खाऊनच चढतो. त्यात वाईट हे की ऑक्सिजन कमी पडतोय हे शरीराला नीट कळतच नाही, आपल्याला जे गुदमरल्यासारखं होतं ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने होतं. म्हणून आत गेलेला माणूस ओरडत नाही, मागे फिरत नाही, सरळ खाली बसतो. गावाकडे विहिरीत कंदील सोडून बघायचे, विझला तर उतरायचं नाही. पण ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या खाली गेल्यावरच ज्योत विझते, विषारी गॅसचं ती काहीच सांगत नाही आणि खाली मिथेन असेल तर भडकाच उडेल.

मग पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पेपरात येतं, एक उतरला, पडला, त्याला काढायला भाऊ उतरला, मग शेजारचा. वाचवायला गेलेलाच मरतो. माझं स्पष्ट मत आहे की याला अपघात म्हणू नये, कारण काय करायचं ते नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या फॅक्टरी कायद्यात कलम ३६ मध्येच लिहून ठेवलं होतं: आधी गॅस बाहेर काढा, मग जाणकार माणसाने स्वतः टेस्ट करून लेखी दाखला द्यावा की आत जायला हरकत नाही, नाहीतर उतरणाऱ्याला श्वासाचं उपकरण आणि कमरेला बेल्ट, त्या बेल्टची दोरी बाहेरच्या माणसाच्या हातात. आत न्यायचा हातदिवासुद्धा २४ व्होल्टच्या वर नको, हेही त्याच कायद्यात होतं. माणूस ठेकेदाराचा होता म्हणून कंपनीचा मालक सुटत नाही. कारखान्याबाहेरच्या गटारांचं बघाल तर तिथे सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्यानेच बंदी आहे आणि मृत्यू झाला तर ३० लाख भरपाई, सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती १० लाखांवरून वाढवली.

मालक लोकांना मी एवढंच सांगायचो की मास्क वाटून मोकळं होऊ नका, धुळीचा मास्क गॅस अडवत नाही, आणि फिल्टरवाला मास्क हवेतच नसलेला ऑक्सिजन कुठून आणणार? मीटर घ्या, वर, मध्ये, तळाशी तिन्हीकडे बघा, काम चालू असेपर्यंत बघत राहा. ब्लोअरने ताजी हवा तळापर्यंत सोडा, आणि चुकूनही सिलिंडरचा ऑक्सिजन सोडू नका, त्यात एक ठिणगी पडली की कपडेसुद्धा पेटतात.

त्या दिवशी काम रद्द केलं, ठेकेदार चिडला, दिवस बुडाला म्हणाला. रात्रभर ब्लोअर चालवला, गाळ जमेल तेवढा पंपाने बाहेरूनच ओढला. सकाळी मीटर गॅस शून्य दाखवायला लागल्यावर तोच पोरगा बेल्ट लावून उतरला आणि वर तिकाटण्यापाशी दोरी धरायला एक माणूस बसवला, ज्याला दुसरं कुठलंच काम दिलं नव्हतं, चहा आणायचंही नाही.