ऑफरोड गाड्यांचा ‘स्लो’ : पार्श्वभूमी

नाशिकच्या गॅरेजांत डर्ट बाइकचा स्लो, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावर इंजिन ज्या गतीने फिरत राहतं ती, ज्या पद्धतीने लावतात, ती ट्रॅकवरून कमी आणि पीयूसीच्या, म्हणजे धूर तपासणीच्या, नळीतून जास्त आली आहे. शहरात राष्ट्रीय सुपरक्रॉसच्या फेऱ्या झाल्या, तरी मेकॅनिकचा हात तयार झाला तो रोजच्या गाड्यांवर.

सुरुवातीला मातीत घालायची गाडी म्हणजे रस्त्यावरचीच टू-स्ट्रोक. १९८५ मध्ये आरएक्स १०० आली आणि मडगार्ड काढून, गट्टूचे (जाड ठोकळ्यांच्या नक्षीचे) टायर चढवून तीच उड्या मारू लागली. स्लाइडच्या कार्बोरेटरला (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग; यात थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारी सरक असते) दोन स्क्रू. इंजिन चांगलं तापू द्यायचं, एअर स्क्रू पूर्ण आत नेऊन दीडेक फेरा बाहेर काढायचा, मग पाव-पाव फेरा फिरवत रेस (इंजिनचे फेरे) सर्वांत वर जाते ती जागा कानाने धरायची आणि शेवटी स्लाइडच्या स्क्रूने स्लो खाली आणायचा. कसारा घाट चढून आलेली मुंबईची गाडी इथे किंचित रिच, म्हणजे हवेच्या मानाने जास्त पेट्रोलवर, चालते. शहर सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने हवेची घनता सहाएक टक्के कमी पडते. निफाडच्या थंडीत याच्या उलट.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी दुचाकीच्या धुराला मर्यादा घातली, आणि मोजमाप ठरलं ते गाडी स्लोला असताना. कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्क्यांच्या आत. ऑक्टोबर २००४ पासून नव्या गाड्यांना, म्हणजे एप्रिल २००० नंतर बनलेल्यांना, ही मर्यादा ३.५ टक्के झाली. शिवाय हायड्रोकार्बन टू-स्ट्रोकला ६,००० आणि फोर-स्ट्रोकला ४,५०० पीपीएम. स्वस्त यंत्र, दोन मिनिटांचं काम, कुठल्याही पेट्रोल पंपाशेजारी जमणारं. स्लोलाच मोजण्याच्या निर्णयाच्या बाजूने हे मुद्दे खरेच आहेत. पण स्लोला पेट्रोल येतं ते पायलट जेटमधून, म्हणजे कार्बोरेटरच्या लहान छिद्रातून. मोठं छिद्र, मेन जेट, तेव्हा कामातच नसतो, त्यामुळे फुल थ्रॉटलला गाडी काय ओकते ते त्या कागदावर येत नाही. कारागिरांनी हे लगेच ओळखलं. तपासणीआधी एअर स्क्रू सैल, म्हणजे हवा जास्त, कागद हातात आला की पुन्हा जागेवर. पुष्कळदा तो जागेवर यायचा राहून जाई. मग थ्रॉटल सोडला तरी रेस वरच लटकते, उघडताना गाडी गुदमरते. नंबरप्लेट नसलेल्या शर्यतीच्या गाडीला पीयूसी लागत नाही. तरी तिच्यावर हात तोच फिरायचा, सवयही तीच.

परदेशात १९९८ च्या यामाहाच्या वायझेड ४००एफपासून मोटोक्रॉस फोर-स्ट्रोककडे वळला. गरम इंजिन बंद पडलं की किकने उठवताना दमछाक व्हायची, म्हणून स्लो चढा ठेवायची रीत पडली. २००८ मध्ये सुझुकीच्या आरएम-झेड ४५० वर इंजेक्शन (कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पेट्रोल फवारणं) आलं. आपल्याकडे रॉयल एनफिल्डची २०१६ ची हिमालयन कार्बोरेटरवर होती, पुढच्याच वर्षी बीएस-४ या धुराच्या मानकासोबत इंजेक्शनवर गेली. १ एप्रिल २०२० च्या बीएस-६ नंतर नव्या रस्त्यावरच्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळपास गेलाच. अशा बहुतेक गाड्यांत स्लो ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, सांभाळतो. मेकॅनिककडे उरतं ते थ्रॉटल बॉडी साफ करणं आणि स्कॅनर लावणं.

पेचकस अजून चालतो तो भाड्याच्या छोट्या क्वाडवर (चार चाकांच्या मोकळ्या गाडीवर), कारण त्यांतल्या बऱ्याच कार्बोरेटरवाल्या आहेत. नवख्याच्या हातात बंद पडू नये म्हणून गाड्या भाड्याने देणारे स्लो वाढवून ठेवतात, आणि हे मात्र सरळ धोक्याचं आहे. ऑटोमॅटिक क्वाडचा क्लच सेंट्रिफ्युगल असतो. रेस ठरावीक आकड्यावर गेली की तो आपोआप पकडतो, मग थ्रॉटलला अंगठा न लावताही गाडी पुढे सरकते. म्हणून जाणता माणूस इंजिन तापल्यावर सपाट जागी गिअर टाकतो, ब्रेकवर बोटं ठेवून तो हळूच सोडतो आणि क्वाड जराशी जरी हलली तरी स्क्रू मागे घेतो. पोराला सीटवर बसवायचं ते त्यानंतर.