अमेरिकी नेत्यांचे पहिले फोटो : अ‍ॅडम्स ते लिंकन

जॉर्ज वॉशिंग्टन किंवा थॉमस जेफरसन कसे दिसायचे, हे आपल्याला चित्रकार सांगतात. फोटोचं तंत्र येण्याआधीच दोघेही गेले होते. लुई दागेर यांची पद्धत ऑगस्ट १८३९मध्ये पॅरिसला जाहीर झाली आणि काही महिन्यांतच न्यूयॉर्क-फिलाडेल्फियात लोक तिचे प्रयोग करू लागले.

विल्यम हेन्री हॅरिसन यांचा फोटो १८४१मध्ये काढला गेला, पण त्याची मूळ प्लेट हरवली. त्यामुळे अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या टिकून राहिलेल्या मूळ फोटोंमध्ये सर्वांत जुना ठरतो तो जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांचा. मार्च १८४३मध्ये वॉशिंग्टन शहरात फिलिप हास यांनी तो घेतला. पंचाहत्तरीतले अ‍ॅडम्स तेव्हा माजी राष्ट्राध्यक्ष होते आणि प्रतिनिधीगृहात गुलामगिरीच्या प्रश्नावर झुंजत होते. पायावर पाय टाकून ते खुर्चीत बसले आहेत, गालांवर दाट पांढरे कल्ले आहेत. एकाही चित्रकाराने न दाखवलेला थकवा आणि हट्ट मला त्या चेहऱ्यावर दिसतो. खुद्द अ‍ॅडम्सना मात्र असे फोटो आवडत नसत. त्याच वर्षी युटिका गावी काढलेल्या आपल्या फोटोंना त्यांनी रोजनिशीत सरळ ‘भेसूर’ म्हटलं आहे.

त्यात त्यांचा दोष नाही. चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा घासून लख्ख करायचा, त्याला आयोडीनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात प्रकाश दाखवायचा आणि मग पाऱ्याच्या वाफेवर धरायचा, की चेहरा उमटे. कॅमेऱ्यात प्रकाश पडत असेपर्यंत बसणाऱ्याने हलायचं नाही. मान स्थिर राहावी म्हणून डोक्यामागे लोखंडी टेकू लावत. एवढा वेळ हसू टिकवणार कोण? शिवाय सुरकुती झाकायला चित्रकाराचा कुंचला नव्हता. निगेटिव्हही नसे, त्यामुळे एका प्लेटवर एकच फोटो मिळे. तो लोकांपर्यंत न्यायचा तर शिळाछाप किंवा कोरीव ठसा करावा लागे. न्यूयॉर्कच्या मॅथ्यू ब्रॅडी यांनी १८५०मध्ये नामवंत अमेरिकनांचा संग्रह छापला तो शिळाछापावरच.

काचेच्या निगेटिव्हने हे चित्र पालटलं. २७ फेब्रुवारी १८६० रोजी कूपर युनियन या शिक्षणसंस्थेत होणाऱ्या भाषणासाठी अब्राहम लिंकन न्यूयॉर्कला आले होते. त्याच दिवशी ते ब्रॅडींच्या स्टुडिओत गेले. लांब मान जरा आखूड दिसावी म्हणून ब्रॅडींनी त्यांची कॉलर वर ओढायला लावली. ‘अगदीच कुरूप माणूस’ अशी ज्यांची टिंगल व्हायची, ते लिंकन त्या फोटोत उंच, गंभीर आणि भारदस्त दिसतात. कागदी प्रती निघाल्या, त्यावरून कोरलेली चित्रं साप्ताहिकांत छापली गेली. त्याच वर्षीच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उमेदवारांचे छोटे फोटो बसवलेले बिल्लेही कार्यकर्त्यांच्या कोटांवर लागले. नेता कधी प्रत्यक्ष न पाहिलेल्या मतदारालाही त्याचा चेहरा आता ओळखीचा झाला होता.