खोकलाच ज्यांचा झाडू

बाळ पूर्ण दिवसांचं, वजनही चांगलं. तरी जन्मल्यावर काही तासांतच धाप लागते आणि ऑक्सिजन लावावा लागतो. सावरून घरी येतं, पण नाक चोंदलेलंच राहतं. खोकला बारा महिने, तोही ओला, छातीत कफ घुरघुरणारा. मग 'ॲलर्जी असेल', 'बालदमा असेल' करत वर्षं जातात.

खरा आजार असतो प्रायमरी सिलियरी डिस्किनेशिया, आणि दोष असतो सिलियांमध्ये. श्वासनलिकेच्या आतून पसरलेल्या पेशींवर हे सूक्ष्म केस असतात, एकेका पेशीवर सुमारे 200. लांबी मिलिमीटरच्या जेमतेम दीडशेव्या भागाइतकी. त्यांच्यावरच्या चिकट थरात धूळ आणि जंतू अडकतात. सिलिया सेकंदाला 10-15 फटकारे मारत तो थर घशाकडे सरकवतात आणि आपण तो नकळत गिळतो. किळस वाटली तरी फुप्फुसं स्वच्छ राहतात ती यामुळेच.

फटकाऱ्याची ताकद येते डायनीन या प्रथिनापासून. आईवडील दोघांकडूनही बिघडलेलं जनुक आलं, की सिलिया लुळ्या पडतात किंवा नुसत्याच थरथरतात. असा बिघाड घडवणारी 50हून अधिक जनुकं माहीत आहेत. कफ साचतो, जंतू मुक्काम ठोकतात, सायनस आणि कान भरतात, आणि हळूहळू श्वासनलिका कायमच्या रुंदावतात. यालाच ब्राँकिएक्टेसिस म्हणतात.

धागा जुळला तो भलतीकडेच. 1933 साली डॉक्टर मानेस कार्टागेनर यांनी असे रुग्ण नोंदवले होते, ज्यांचं हृदयही उजवीकडे होतं. या दोहोंचा संबंध मात्र उलगडला 1976 मध्ये. स्वीडनचे शास्त्रज्ञ ब्यॉर्न अफझेलियस वंध्यत्व असलेल्या पुरुषांचे न हलणारे शुक्राणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. शुक्राणूची शेपटी सिलियांसारखीच घडलेली असते; त्या शेपटीत डायनीनच नव्हतं, आणि तेच पुरुष जन्मभर खोकत आले होते! गर्भातही सिलियाच द्रव एका बाजूला ढकलून डावं-उजवं ठरवतात. ते बंद पडलं की कौल नाणेफेकीवर जातो. म्हणून जवळपास निम्म्या रुग्णांचे अवयव उलट बाजूला असतात.

जनुकाची दुरुस्ती अजून हाती नाही. रोजची फिजिओथेरपी करायची, कफ सुटा करायचा, संसर्ग झाला की वेळेवर प्रतिजैविकं घ्यायची. खोकला दाबणारं औषध मात्र इथे घातकच, कारण केरसुणी मोडलेल्या घरात कचरा बाहेर काढणारा तेवढाच उरलेला असतो. वर्गात सारखा खोकतो म्हणून मुलाला पाणी प्यायला बाहेर पाठवतात. तो पिऊन येतो, बाकावर बसतो आणि पुन्हा खोकतो.