इंजिन वरच बंद पडलं तर? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

निवडणुका आल्या की तालुक्याच्या गावी शाळेच्या मैदानावर चुन्याचं मोठं वर्तुळ आखलं जातं, मधोमध 'एच' काढला जातो आणि सभेशी काही देणंघेणं नसलेली माणसंही कुंपणाच्या भिंतीवर जागा धरून बसतात. त्यांना हेलिकॉप्टर पाहायचं असतं. धुरळा खाली बसला की प्रश्न सुरू होतात. शेपटीला तो छोटा पंखा कशाला? विमानाइतकं जोरात का जात नाही? आणि हमखास येणारा प्रश्न: वरच इंजिन बंद पडलं तर? त्यावर गर्दीतला एखादा जाणकार ठासून सांगतो, "पडणार की दगडासारखं!"

जाणकाराचं उत्तर चूक आहे. गंमत अशी की बरोबर उत्तर सापडलं ते हेलिकॉप्टर नीट उडायला लागण्याच्या दहा-बारा वर्षं आधी. ते ज्याला सापडलं त्याला हेलिकॉप्टर बनवायचंही नव्हतं.

फिरत्या पात्यांनी वर जायचं ही कल्पना जुनीच. चीनमध्ये काडीला पाती लावून तळहातात घुसळून सोडायचं खेळणं शतकानुशतकं होतं. लिओनार्डो दा विंचीच्या वहीतलं स्क्रूसारखं यंत्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे त्यावर थांबत नाही. 'हेलिकॉप्टर' हा शब्द 1861 मध्ये फ्रान्सच्या गुस्ताव्ह द पाँताँ दामेकूर यांनी दोन ग्रीक शब्द जोडून घडवला. एकाचा अर्थ मळसूत्रासारखी गुंडाळी, दुसऱ्याचा पंख. शब्द तयार होता, यंत्र नव्हतं. अडचण इंजिनाची होती. स्वतःचं वजन उचलून वर काही शिल्लक राहील एवढं हलकं इंजिनच कोणाकडे नव्हतं.

पेट्रोलचं इंजिन आल्यावर 1907 मध्ये फ्रान्समध्येच दोन प्रयत्न झाले. ब्रेगे बंधूंचं यंत्र जमिनीवरून उचललं गेलं, पण ते कलंडू नये म्हणून चार बाजूंनी माणसं धरून उभी होती. पॉल कोर्न्यू या सायकल बनवणाऱ्या गृहस्थाचं यंत्र काही सेकंद, जेमतेम हातभर उंच गेलं असं सांगतात. पुढच्या अभ्यासकांनी त्यावरही शंका घेतली आहे. वर उचललं जाणं आणि उडणं यांतला फरक त्या वर्षी लख्ख दिसला.

आता स्पेनकडे वळू. हुआन दे ला सिएर्वा हा तरुण अभियंता विमानं बनवत असे. 1919 मध्ये त्याचं तीन इंजिनांचं विमान चाचणीत कोसळलं. वेग कमी झाला, पंखांवरचा आधार सुटला आणि विमान खाली आलं. हा धक्का त्याच्या मनातून गेला नाही. विमान पुढे पळत राहिलं तरच पंख काम करतात. मग विमान हळू झालं तरी पंख पळत राहतील अशी सोय केली तर? म्हणजे पंखच गोल फिरवायचे. त्याच्या यंत्राला पुढे नेहमीचा पंखा आणि इंजिन होतं, पण डोक्यावरच्या रोटरला, म्हणजे गोल फिरणाऱ्या पात्यांना, इंजिन जोडलेलंच नव्हतं. यंत्र पुढे निघालं की येणाऱ्या हवेनेच तो फिरायचा. या यंत्राला त्याने 'ऑटोजायरो' म्हटलं.

पहिली यंत्रं वेग घेताना एका कुशीवर कलंडत. का, ते आकड्यांत पाहू. समजा पात्याचं टोक ताशी 720 किलोमीटर वेगाने फिरतंय आणि यंत्र ताशी 200 ने पुढे जातंय. पुढे येणाऱ्या पात्याला 920 चा वारा लागतो, मागे जाणाऱ्याला 520 चा. एका बाजूला जोर जास्त, दुसरीकडे कमी; मग यंत्र कलंडणारच. सिएर्वाच्या लहान मॉडेलला मात्र हा त्रास होत नव्हता. मॉडेलची पाती वेताची होती, ती लवत होती. मोठ्या यंत्राची ताठ होती. मग त्याने मोठ्या पात्यांच्या मुळाशी बिजागरी बसवली. जोर जास्त मिळाला की पातं आपोआप वर उचललं जातं आणि त्याचा जोर घटतो, उलट बाजूचं खाली येतं. दाराला असते तशी एक बिजागरी, पण आजही बहुतेक हेलिकॉप्टरांत ती किंवा तिचं काम करणारा लवचीक भाग असतोच.

जानेवारी 1923 मध्ये त्याचं चौथं यंत्र माद्रिदजवळ उडालं. आणि त्याच महिन्यात, उड्डाण घेताच, त्याचं इंजिन बंद पडलं. यंत्र हळूहळू खाली आलं आणि सुखरूप टेकलं.

आपल्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशीच मिळालं. ते समजायला जत्रेतलं भिरभिरं पुरेसं आहे. छताच्या पंख्यात वीज पाती फिरवते आणि पाती हवा ढकलतात. भिरभिऱ्यात हवाच पाती फिरवते. इंजिन चालू असेपर्यंत हेलिकॉप्टरचा रोटर पंखा असतो, बंद पडलं की त्याचं भिरभिरं होतं. खाली येताना खालून लागणारी हवा पात्यांना फिरतं ठेवते. माधवीलतेची तीन पंखांची फळं वेलीवरून सुटली की अशीच गरगरत, सावकाश खाली येतात. मात्र पायलटला एक गोष्ट ताबडतोब करावी लागते: डाव्या हाताचा दांडा खाली दाबून पात्यांचा कोन उतरवायचा. तो चढा राहिला तर रोटरचा वेग काही क्षणांत मरतो आणि मग जाणकार म्हणतो तसा दगडच. जमीन जवळ आली की नाक थोडं वर करून वेग मारायचा आणि शेवटी दांडा ओढून, फिरत्या रोटरमध्ये साठलेला जोर एकदाच खर्चून, अलगद टेकायचं. इंजिन आणि रोटर यांच्यात सायकलच्या फ्रीव्हीलसारखी व्यवस्था असते, म्हणून बंद इंजिन रोटरला अडवत नाही. शेपटीचा पंखाही मोठ्या रोटरलाच जोडलेला असल्यामुळे तोही फिरत राहतो.

सिएर्वा हेलिकॉप्टरांचा जमाना बघायला उरला नाही. डिसेंबर 1936 मध्ये लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून धुक्यात निघालेलं प्रवासी विमान कोसळलं, त्यात तो गेला. विमान साध्या, न फिरणाऱ्या पंखांचं होतं. त्याच वर्षी जूनमध्ये जर्मनीत हाइनरिश फोके यांचं दोन रोटरांचं हेलिकॉप्टर उडालं होतं. फोके यांच्या कंपनीने आधी सिएर्वाचे ऑटोजायरो परवान्यावर बनवले होते, हा निव्वळ योगायोग मानता येत नाही. मे 1937 मध्ये याच हेलिकॉप्टरने हवेत इंजिन बंद करून उतरून दाखवलं.

शेपटीच्या पंख्याची कथा अमेरिकेतली. इंजिन रोटरला एका दिशेने फिरवतं तेव्हा धड उलट दिशेने गरगरू पाहतं. फोके यांनी उलटसुलट फिरणारे दोन रोटर लावून ते भागवलं. कीव्हमध्ये जन्मलेल्या इगोर सिकोर्स्की यांनी एकच रोटर ठेवला आणि धडाला थोपवून धरायला शेपटीवर छोटा उभा पंखा दिला. सप्टेंबर 1939 मध्ये त्यांचं व्हीएस-300 दोरांनी बांधलेल्या अवस्थेत उचललं गेलं, मे 1940 मध्ये मोकळं उडालं. मधल्या काळात त्यांनी शेपटीवर तीन-तीन पंखे लावूनही पाहिले.

पुढचा अध्याय आपल्या बाजूचा आहे. एप्रिल 1944 मध्ये आसामातल्या लालाघाटहून सिकोर्स्कींचं एक छोटं हेलिकॉप्टर ब्रह्मदेशात गेलं आणि जपानी फौजांच्या मागे अडकलेल्या चौघांना बाहेर काढलं. एका फेरीत एकच माणूस, कारण उष्ण आणि उंचावरच्या विरळ हवेत इंजिन आणि पाती दोन्ही कमजोर होतात. ही अडचण भारताला हिमालयात कायमच भेडसावणार होती. 1960 च्या दशकाअखेरीस भारतीय सेनादलांच्या गरजेसाठीच फ्रान्समध्ये 'लामा' हे हेलिकॉप्टर तयार झालं. बेंगळुरूच्या एचएएलने, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी हिंदुस्तान एरोनॉटिक्स कंपनीने, बनवलेलं त्याचं भारतीय रूप म्हणजे सियाचीनमुळे घराघरांत माहीत झालेलं 'चीता'. 21 जून 1972 रोजी फ्रेंच पायलट झाँ बूले यांनी लामा 12,442 मीटरवर नेलं. तो उंचीचा विक्रम झाला आणि तिथेच कडाक्याच्या थंडीत इंजिन विझलं. पुन्हा सुरू झालं नाही. एव्हरेस्टहून साडेतीन किलोमीटर उंचावरून बूले नुसत्या भिरभिऱ्यावर खाली आले आणि धडधाकट उतरले.

वेगाचा प्रश्न सिएर्वाच्याच आकड्यांतला. यंत्र जितकं जोरात जाईल तितका मागे जाणाऱ्या पात्याला वारा कमी, आणि एका मर्यादेनंतर ते आधार द्यायचं सोडतं. 1986 मध्ये ब्रिटनच्या लिंक्स हेलिकॉप्टरने ताशी 400.87 किलोमीटर गाठले. साधं जेट प्रवासी विमान याच्या दुपटीने जातं.

मैदानाच्या भिंतीवर बसलेल्यांना मात्र सगळ्यात जास्त भीती वाटते ती हेलिकॉप्टर फार उंच असताना. प्रत्यक्षात उंची म्हणजे पायलटच्या हातातला वेळ: दांडा दाबायला, रोटरला हवा मिळू द्यायला, खाली मोकळं शेत शोधायला. एकाच इंजिनाचं हेलिकॉप्टर अवघड असतं ते झाडांच्या शेंड्यांच्या जरा वर, जागच्या जागी तरंगताना. तिथे धड उंची नसते, धड वेग नसतो. म्हणून नेत्याला घेऊन निघालेलं हेलिकॉप्टर, जागा मोकळी असेल तर, तडक वर चढत नाही. थोडं उचलतं, नाक खाली करतं आणि जमिनीलगत पुढे धावत सुटतं, मग चढतं. पोरांना वाटतं, पायलटने मुद्दाम आपल्या डोक्यावरून नेलं.